झाकलेले की उपाशी? एनजीसी ४२५८ च्या केंद्रकाची क्ष-किरण निरीक्षणे

मोजपट्टी (धागाकर्ता)

मागे याच विभागात सक्रिय दीर्घिकांवर (ज्यांच्या केंद्रातले कृष्णविवर वायू गिळत असताना केंद्र चमकते अशांवर) चर्चा झाली तेव्हा "केंद्र मंद दिसते, म्हणजे तिथले कृष्णविवर उपाशी आहे" असे विधान कुणीतरी केले होते आणि त्यावर कोणी हरकत घेतली नव्हती. मीही गप्प बसलो, कारण उत्तर दोन ओळींत मावणारे नव्हते. मंद दिसण्याची कारणे दोन असू शकतात. एक तर दिव्याची वातच बारीक आहे, किंवा दिव्यापुढे पडदा आहे. दृश्य प्रकाशात या दोहोंची निवड करणे फार अवघड जाते. क्ष-किरणांत ती करता येते, पण तिथेही फसगत होण्याच्या जागा आहेत. जिथे वातही बारीक आहे, पडदाही आहे, आणि तो पडदा कशाचा हे जवळजवळ बोट ठेवून दाखवता येते, अशा एका दीर्घिकेविषयी लिहावे म्हणून हा धागा काढला आहे.

ती दीर्घिका म्हणजे एनजीसी ४२५८, अर्थात एम १०६. पिएर मेशॅन यांनी ती १७८१ साली नोंदवली. सप्तर्षींच्या शेजारच्या श्यामशबल तारकासमूहात ती आहे आणि तिचे अंतर सुमारे २.४७ कोटी प्रकाशवर्षे आहे. हे अंतर इतक्या ठामपणे सांगता येते याचे श्रेय तिच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या वाफेला द्यावे लागते. या वाफेतून २२ गिगाहर्ट्झच्या आसपास मेसर किरणे (लेसरसारखीच, पण रेडिओ-सूक्ष्म लहरींतली) येतात. १९९३ साली जपानमधील नोबेयामाच्या ४५ मीटर रेडिओ दुर्बिणीने दीर्घिकेच्या सरासरी वेगाच्या दोन्ही बाजूंना सुमारे १००० किलोमीटर प्रतिसेकंद इतक्या फरकाने सरकलेल्या मेसर रेषा पाहिल्या. १९९५ साली अमेरिकेतल्या एकमेकींना जोडलेल्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने हे मेसर एका पातळ, किंचित पिळलेल्या तबकडीत केप्लरच्या नियमाप्रमाणे फिरत असल्याचे दाखवले. आजच्या मोजमापानुसार केंद्रातल्या कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे ४ कोटी सूर्यांइतके येते. आपल्या दीर्घिकेबाहेरचे इतके नेमके मोजलेले कृष्णविवर त्या काळी दुसरे नव्हते.

आता क्ष-किरणांकडे वळू. रोसॅट या उपग्रहाला ०.१ ते २.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (फोटॉनच्या ऊर्जेचे एकक) इतक्या मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या पट्ट्यातच दिसत असे. त्याने या दीर्घिकेतला तप्त वायू आणि तिचे प्रसिद्ध 'अनियमित बाहू' (नेहमीच्या सर्पिल बाहूंपासून वेगळे असे वायूचे पट्टे) पाहिले, परंतु केंद्रक म्हणून बोट दाखवावे असे काही त्याला सापडले नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये जपानने आस्का उपग्रह सोडला. त्याची नजर १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत पोहोचत होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याने या दीर्घिकेकडे पाहिले, तेव्हा ३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर वर्णपट पुन्हा उसळी घेताना दिसला. त्या उसळीचा अर्थ असा होता की आत एक क्ष-किरण स्रोत आहे आणि त्याच्यापुढे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १५ वर २२ शून्ये इतक्या हायड्रोजन अणूंचा पडदा आहे. पडदा काढून टाकला असता २ ते १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात या स्रोताची तेजस्विता सुमारे १ कोटी सूर्यांच्या एकूण तेजस्वितेइतकी भरते.

१ कोटी सूर्य हा आकडा मोठा वाटतो, पण ४ कोटी सूर्यवस्तुमानाच्या कृष्णविवराला एडिंग्टन मर्यादा (ज्यापुढे प्रकाशाचा दाबच आत पडणारा वायू बाहेर ढकलतो ती तेजस्विता) जवळपास १.३ लाख कोटी सूर्यांपर्यंत मुभा देते. क्ष-किरणांखेरीजच्या लहरी धरून एकूण तेज दहापट मानले तरी हे केंद्रक मर्यादेच्या दहा-हजाराव्या भागाच्या आसपास राहते. त्यामुळे ते झाकलेलेही आहे आणि उपाशीही आहे. माझ्या मते या दीर्घिकेचे खरे महत्त्व यातच आहे, आणि "मंद म्हणजे उपाशी" हे सूत्र इथे योगायोगाने बरोबर ठरले तरी ज्या तर्काने ते मांडले गेले तो तर्क चुकीचाच राहतो.

नवशिका

लेख आवडला. एक प्राथमिक शंका आहे. "इतक्या अणूंचा पडदा" म्हणजे प्रत्यक्षात केवढा? एकावर तेवीस शून्ये म्हटल्यावर डोळ्यांसमोर काहीच येत नाही. आणि हा पडदा मृदू क्ष-किरण अडवतो पण कठीण क्ष-किरण सोडतो, हे कसे काय?

मोजपट्टी

शंका प्राथमिक असली तरी योग्य जागी आहे. एकावर २३ शून्ये इतके हायड्रोजन अणू आणि त्यांच्या सोबतचे हेलियम मिळून दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम पाव ग्रॅम वस्तुमान होते, म्हणजे साधारण दोन-सव्वादोन मिलिमीटर पाण्याच्या थराइतके. आपल्या डोक्यावरची हवा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोग्रॅम भरते, म्हणून तर क्ष-किरण दुर्बिणी अवकाशात न्याव्या लागतात. त्या मानाने हा पडदा कापडाइतकाच म्हणायचा. फरक इतकाच की तो प्रकाशवर्षांच्या मापाने मोजायच्या जागेत विरळ पसरलेला असतो.

हे किरण अडवण्याचे काम मुख्यतः हायड्रोजन करत नाही. ऑक्सिजन, सिलिकॉन, लोह अशा जड मूलद्रव्यांच्या आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन क्ष-किरण गिळतात, आणि फोटॉनची ऊर्जा वाढत गेली की ही गिळण्याची शक्यता साधारण ऊर्जेच्या घनाच्या प्रमाणात घटत जाते. एकावर २३ शून्ये एवढा पडदा असेल तर १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण व्यवहारतः शून्य पोहोचतात, २ ला शंभरातले एखाद-दोन, आणि ६ ला मात्र शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास सुटतात. पडदा याच्या पंधरापट जाड झाला, म्हणजे साडेतीन सेंटीमीटर पाण्याइतका, की इलेक्ट्रॉनांवर आपटून विखुरण्याची क्रिया वरचढ होते आणि १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टखाली सरळ मार्गाने जवळपास काहीच येत नाही. अशा केंद्रकांना 'कॉम्प्टन-जाड' म्हणतात. एनजीसी ४२५८ त्या वर्गात मोडत नाही.

उत्तररात्र

मी गेली अनेक वर्षे आठ इंची दुर्बिणीतून ही दीर्घिका पाहतो. महाराष्ट्रातून मार्च-एप्रिलमध्ये ती मध्यमंडलावर साठ अंशांच्या आसपास चढते आणि तिची प्रत ८.४ असल्यामुळे काळोख्या आकाशात लांबट धूसर पट्टा व मधला उजळ ठिपका सहज दिसतो. आतापर्यंत त्या ठिपक्याला मी नवख्यांना "हे सक्रिय केंद्रक" म्हणून दाखवत आलो. वरचे वाचून शंका येते की मी चुकीचे सांगत होतो काय?

मोजपट्टी

बऱ्याच अंशी होय. दुर्बिणीत दिसणारा ठिपका म्हणजे मध्यभागातल्या ताऱ्यांची दाटी आहे. ज्या पडद्यात मृदू क्ष-किरण अडकतात त्यात धूळही असेल तर दृश्य प्रकाश पार बुजून जातो. १९९५ साली या केंद्राचा ध्रुवित प्रकाश (ज्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात तो) तपासला गेला, तेव्हा त्यात निळसर अखंड वर्णपट आणि नेहमीपेक्षा रुंद रेषा आढळल्या. आत लपलेल्या स्रोताचा प्रकाश पडद्याच्या कडेवरून विखुरून आपल्याकडे वळतो आणि विखुरताना ध्रुवित होतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. तेव्हा नवख्यांना "सक्रिय केंद्रक या ठिपक्याच्या आत आहे, पण आपल्याला दिसत नाही" असे सांगितले तर ते अचूक होईल, आणि माझ्या अनुभवानुसार ते ऐकणाऱ्याला अधिक आवडते.

कृत्तिका

फसगतीच्या जागांचा उल्लेख आला आहे म्हणून माझी एक जुनी चूक सांगते. पदव्युत्तर प्रकल्पात मला एका जवळच्या, अशाच मंद केंद्रकाच्या वर्णपटाचा अभ्यास करायचा होता. ०.५ ते ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या सगळ्या पट्ट्यावर मी एकच घातनियम (ऊर्जेच्या ठरावीक घाताने फोटॉन घटत जातात असे मानणारा) आणि एकच पडदा असे सोपे प्रतिमान बसवले. वर्णपटाचा उतार ०.६ इतका सपाट आला. सक्रिय केंद्रकांत तो सहसा १.७ ते १.९ असतो. मी आनंदाने मार्गदर्शकांकडे गेले, कारण मला वाटले की काहीतरी नवे सापडले. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "मृदू बाजूचे फोटॉन केंद्रकाचेच आहेत हे तुला कुणी सांगितले?"

ते नव्हतेच. दीर्घिकेतला तप्त वायू मृदू पट्ट्यात चमकत होता, केंद्रकाचा झाकलेला भाग कठीण पट्ट्यात होता, आणि माझ्या एकुलत्या घातनियमाने दोन्हींना एका रेषेत ओढण्याचा प्रयत्न केला होता. वायूसाठी वेगळा औष्णिक घटक घातल्यावर उतार १.७ वर आला आणि पडद्याची जाडी, जी आधी नगण्य निघाली होती, ती एकदम शंभरपट झाली. एनजीसी ४२५८ मध्ये तर हा धोका अधिक आहे, कारण तिथे अनियमित बाहूंतला वायूच इतका तेजस्वी आहे. तिचा कच्चा वर्णपट मला दोन कुबडांच्या उंटासारखा वाटतो. डावे कुबड वायूचे, उजवे केंद्रकाचे, आणि मधल्या दरीत मोजण्यासारखे फार थोडे.

फोटॉन कमी असतील तर उताराचा सपाटपणा आणि पडद्याची जाडी एकमेकांची जागा घेतात, हेही लक्षात ठेवावे. सपाट उतार व पातळ पडदा, किंवा तीव्र उतार व जाड पडदा, ही दोन्ही प्रतिमाने त्याच आकड्यांवर जवळपास सारखीच चपखल बसतात. म्हणून १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर पाहणारे यंत्र सोबत असल्याशिवाय मी आता जाडीवर फार विश्वास ठेवत नाही.

अनुस्वार

मला धागाकर्त्यांच्या मांडणीत एक गोष्ट खटकते. केंद्रक झाकण्याचे काम सहसा त्याच्याभोवतीच्या धुळीच्या जाड कड्याकडे (बांगडीसारख्या वलयाकडे) दिले जाते. परंतु २००६ सालच्या एलिट्झर आणि श्लॉसमन यांच्या प्रतिमानानुसार एकूण तेजस्विता सेकंदाला एकावर ४२ शून्ये अर्गच्या (अर्ग हे ऊर्जेचे एकक) खाली गेली की असे कडे टिकूच शकत नाही, कारण ते उभे ठेवणारा तबकडीवरचा वारा आटतो. मग इतक्या मंद केंद्रकापुढे पडदा आला कुठून? एक तर तेजस्वितेचा हिशेब चुकला आहे आणि केंद्रक प्रत्यक्षात बरेच तेजस्वी व कॉम्प्टन-जाड आहे, किंवा कड्याचा सिद्धांत चुकला आहे. दोन्ही एकाच वेळी बरोबर असणे मला शक्य दिसत नाही.

मोजपट्टी

हीच हरकत कुणीतरी घ्यावी अशी माझी इच्छा होती. दोन भागांत उत्तर देतो.

प्रथम, केंद्रक प्रत्यक्षात तेजस्वी व कॉम्प्टन-जाड असल्याची शक्यता. त्याची खूण ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या लोहरेषेत असते. जाड पडद्यामागच्या केंद्रकाचा सरळ प्रकाश बुजतो, पण आजूबाजूच्या भिंतींवरून परावर्तित झालेला प्रकाश येत राहतो आणि त्यात लोहाची रेषा प्रचंड उठून दिसते. अखंड वर्णपटाच्या मापाने तिचे बळ (हे माप इलेक्ट्रॉनव्होल्टमध्येच देतात, पण ती रेषेची प्रत्यक्ष रुंदी नव्हे) १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात जाते. एम ५१ या भोवऱ्यासारख्या दीर्घिकेचे केंद्रक हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. तेही मंदच, पण आस्काला त्यात मोठी लोहरेषा दिसली, आणि बेपोसॅक्स या क्ष-किरण उपग्रहाने १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर पाहिल्यावर पडद्याची जाडी एकावर २४ शून्यांच्या पाचपटीहून अधिक निघाली. न्यूस्टार या कठीण क्ष-किरण दुर्बिणीनेही ते कॉम्प्टन-जाडच ठरवले. एनजीसी ४२५८ मध्ये मात्र सुझाकू या जपानी क्ष-किरण उपग्रहाने २००६ साली मोजलेली लोहरेषा ४५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, म्हणजे एम ५१ च्या मानाने अगदीच किरकोळ होती. ज्या घरात भिंतीच नाहीत तिथे प्रतिध्वनी कुठून येणार?

दुसरा भाग कड्याविषयी. तुमचा सिद्धांत चुकला असे मी म्हणत नाही, उलट तो इथे खरा ठरत असावा असेच मला वाटते. एकूण तेजस्विता त्या सीमारेषेच्या आसपासच येते आणि दुर्बळ लोहरेषाही जाड कडे नसल्याचेच सुचवते. परंतु पडद्यासाठी कडेच हवे असे कुठे आहे? मेसरांच्या नकाशातून तबकडीचा पीळ मोजता येतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार ही पिळलेली तबकडी केंद्रापासून सुमारे ०.२८ पारसेकवर, म्हणजे ०.९ प्रकाशवर्षाच्या अंतरावर, वर उचलली जाते आणि केंद्रकाकडे जाणारी आपली दृष्टिरेषा छेदते. केंद्रक झाकणारी वस्तू ही त्याला अन्न पुरवणारी तबकडीच आहे.

अनुस्वार

तबकडी पातळ असते असेच ना तुम्ही वर म्हटले? मेसरांवरून तिची जाडी त्रिज्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी येते असे माझ्या वाचनात आहे. इतक्या पातळ चकतीला ओलांडताना पडदा केवढासा मिळणार?

मोजपट्टी

आपण तिच्याकडे जवळजवळ कडेने पाहतो, हे त्यात धरायला हवे. आडव्या धरलेल्या कागदाला सुई सरळ टोचली तर कागदाच्या जाडीइतकाच मार्ग मिळतो. तीच सुई कागदाला जवळपास समांतर धरून घुसवली तर मार्ग कितीतरी लांबतो. त्यात आपल्याला पाण्याच्या काही मिलिमीटरइतकाच ऐवज हवा आहे. प्रश्न पडदा कमी पडण्याचा नसून तो इतका मोजका का आहे, हा आहे. तबकडीच्या त्या भागातला वायू रेणूरूपातून अणुरूपात जाऊन विरळ होत असावा, असे एक उत्तर दिले जाते.

याला वेगळ्या बाजूनेही आधार मिळतो. २००५ सालीच प्रसिद्ध झालेल्या एक्सएमएम-न्यूटन आणि 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणींच्या निरीक्षणांच्या अभ्यासात, सुमारे पाच महिन्यांत पडद्याची जाडी पन्नास-साठ टक्क्यांनी बदललेली आढळली. ०.२८ पारसेकवर तबकडीतला वायू सेकंदाला सुमारे ७८० किलोमीटर वेगाने फिरतो. पाच महिन्यांत तो साधारण १ हजार कोटी किलोमीटर सरकेल, म्हणजे सूर्यापासून नेपच्यूनच्या अंतराच्या दुपटीहून थोडे अधिक. तेव्हा तबकडी एकजीव नसून तिच्यात एवढ्या आकाराचे दाट-विरळ पुंजके आहेत आणि ते आपल्या दृष्टिरेषेवरून सरकत जातात, असे चित्र उभे राहते. रेडिओ दुर्बिणींनी काढलेला नकाशा आणि क्ष-किरण दुर्बिणींनी मोजलेली जाडी या दोन अगदी स्वतंत्र गोष्टी एका ठिकाणी येऊन मिळतात, याचे मला आजही अप्रूप वाटते.

अनुस्वार

पुंजक्यांचा हिशेब पटला. तरीही पडदा नेमका त्याच अंतरावर आहे हे यातून सिद्ध होत नाही, कारण केंद्राच्या अधिक जवळ वेगाने फिरणारा मोठा ढगही पाच महिन्यांत असाच बदल घडवू शकेल. "सिद्ध झाले" ऐवजी "जुळते" असा शब्द वापरावा, इतकीच विनंती.

मोजपट्टी

विनंती मान्य. "जुळते" हाच शब्द योग्य आहे.

त्रिज्या

मी चंद्रा दुर्बिणीची विदा हाताळते, म्हणून यंत्रांच्या बाजूने काही लिहिते. १९९९ साली सोडलेल्या आणि सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेल्या या दुर्बिणीची नजर अर्ध्या विकलेइतकी (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तीक्ष्ण आहे. तिनेच दाखवून दिले की या दीर्घिकेच्या केंद्रकापासून सुमारे अडीच विकलांवर आणखी एक क्ष-किरण स्रोत आहे. या अंतरावर अडीच विकला म्हणजे साधारण तीनशे प्रकाशवर्षे होतात. एक्सएमएम-न्यूटनच्या चित्रात हे दोन्ही एकाच डागात मिसळतात, त्यामुळे त्याच्या वर्णपटात शेजाऱ्याचाही वाटा असतो आणि तो वजा करताना चंद्राच्या चित्राचा आधार घ्यावा लागतो. 'मंद' केंद्रकांच्या बाबतीत ही काळजी अनिवार्य आहे, कारण एखादा जोडतारा किंवा अतितेजस्वी क्ष-किरण स्रोत त्यांच्या तेजाशी सहज स्पर्धा करू शकतो.

गंमत अशी की चंद्राच्या दृष्टीने हे मंद केंद्रक जास्तच तेजस्वी ठरते. तिचा कॅमेरा सामान्यतः ३.२ सेकंदांत एक चौकट टिपतो. त्या वेळात दोन फोटॉन एकाच जागी आले तर कॅमेरा त्यांना दुप्पट ऊर्जेचा एकच फोटॉन समजतो, किंवा फेकून देतो. आस्काच्या वेळच्या तेजाने ढोबळ हिशेब केला तर पृथ्वीपाशी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे पंचवीस मिनिटांत एक फोटॉन येतो. ऐकायला हे फारच कंगाल वाटते. परंतु कठीण पट्ट्यात दुर्बिणीचे क्षेत्रफळ काहीशे चौरस सेंटीमीटर असल्यामुळे दर चौकटीला सरासरी अर्ध्याहून अधिक फोटॉन पडतात, आणि तेही सगळे एक-दोन चित्रबिंदूंवर. याला आम्ही 'पाइल-अप' म्हणतो. त्यात वर्णपट कठीण बाजूला सरकतो, म्हणजे नेमकी पडद्याची जाडी मोजतानाच चूक होते. म्हणून केंद्रकासाठी कॅमेऱ्याचा लहानसा तुकडाच वाचायचा आणि चौकटीचा वेळ सेकंदाच्या अंशावर आणायचा, अशी निरीक्षणे मुद्दाम करावी लागली. संग्रहातली विदा उतरवणाऱ्यांनी फाइलच्या शीर्षकात चौकटीचा वेळ तपासल्याशिवाय केंद्रकाचा वर्णपट काढू नये.

नवशिका

भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने ही दीर्घिका पाहता येणार नाही का? त्यातील मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली, आणि त्याच्या निरीक्षणांवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत बरेच काम होते असे ऐकले आहे.

त्रिज्या

पाहता येईल, पण या विशिष्ट प्रश्नासाठी तो योग्य नाही. त्या दुर्बिणीचा पट्टा ०.३ ते ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि तिच्यात बिंदूचा डाग सुमारे दोन कलांचा (एक कला म्हणजे साठ विकला) होतो. म्हणजे केंद्रक, शेजारी, अनियमित बाहूंचा तप्त वायू हे सगळे एकाच डागात एकत्र येतील. त्यातले मोठ्या क्षेत्रफळाचे कठीण क्ष-किरण उपकरण चित्रच काढत नाही, ते सुमारे एक अंशाच्या दृष्टिक्षेत्रातले सगळे फोटॉन एकत्र मोजते, आणि इतक्या मंद स्रोतासाठी पार्श्वभूमीच वरचढ ठरते. ॲस्ट्रोसॅटचे बळ तेजस्वी, झपाट्याने बदलणाऱ्या स्रोतांत आणि एकाच वेळी अतिनील ते कठीण क्ष-किरण पाहण्यात आहे. श्यामशबलातच एनजीसी ४१५१ हे तेजस्वी केंद्रक आहे. पडद्याच्या बदलांचा अभ्यास त्याच्यावर करावा, असा सल्ला मी देईन.

कृत्तिका

लोहरेषेचा मुद्दा मघाशी घाईत उरकला गेला असे मला वाटते. सुझाकूनंतर १६० दिवसांनी एक्सएमएमने पाहिले तेव्हा ती रेषा लक्षणीय दुबळी झाली होती. याचा अर्थ रेषा देणारा भाग फार मोठा असू शकत नाही, कारण मोठ्या भागातून येणारा बदल प्रकाशाच्या प्रवासातच पुसट होतो. दुसरीकडे रेषा फारशी रुंदावलेली नव्हती, म्हणून ती कृष्णविवराच्या अगदी जवळूनही येत नसणार. या दोन मर्यादांमधून २००९ सालच्या अभ्यासाने रेषेचे स्थान गुरुत्वीय त्रिज्येच्या ३ हजार ते ४० हजार पटींच्या दरम्यान ठरवले. या कृष्णविवराची गुरुत्वीय त्रिज्या सुमारे ६ कोटी किलोमीटर आहे, म्हणजे हा पट्टा मेसरांच्या आतल्या कडेच्याही आत पडतो. पिळलेल्या तबकडीचा जो भाग केंद्रकाच्या समोर येतो त्याच्या पृष्ठभागावर क्ष-किरण तिरके पडून ही रेषा निघते, असा निष्कर्ष त्यात मांडला आहे.

माझ्या मते यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वेगळीच आहे. तबकडी सपाट असती तर केंद्रकाचे क्ष-किरण तिच्यावर पडलेच नसते, आणि मेसरही पेटले नसते. १९९५ साली न्यूफेल्ड आणि मॅलोनी यांनी मांडले की तिरक्या पडणाऱ्या क्ष-किरणांमुळेच तबकडीतला वायू तापतो व पाण्याचे रेणू मेसरच्या स्थितीत जातात. ज्या पिळामुळे केंद्रक आपल्यापासून झाकले गेले त्याच पिळामुळे ते रेडिओत स्वतःचा पत्ता सांगते.

उत्तररात्र

मग ही लोहरेषा नेमकी किती रुंद आहे हे मोजले की तिचे स्थान थेट कळेल, नाही का? जिथे वेग जास्त तिथे रुंदी जास्त. १६० दिवसांच्या फरकावरून तर्क करण्याची गरजच उरणार नाही.

त्रिज्या

तत्त्वतः होय. कृत्तिका यांनी सांगितलेल्या पट्ट्यात फिरण्याचा वेग सेकंदाला १५०० ते ५५०० किलोमीटर येतो, आणि ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर त्यामुळे रेषा साधारण ३० ते १२० इलेक्ट्रॉनव्होल्टने सरकते. आपल्या नेहमीच्या क्ष-किरण कॅमेऱ्यांची ऊर्जेची फोड (जवळच्या दोन ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची मर्यादा) १३० ते १५० इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्यामुळे हे सरकणे यंत्राच्या स्वतःच्या रुंदीतच हरवते. सप्टेंबर २०२३ मध्ये जपानने सोडलेल्या एक्सरिझम उपग्रहावरचा उष्मामापक मात्र ५ इलेक्ट्रॉनव्होल्टची फोड देतो. त्याच्या तोंडावरचे झाकण उघडले नाही, त्यामुळे त्याला सुमारे १.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली दिसत नाही, ही गोष्ट बहुतेकांना दुर्दैवी वाटते. आपल्या केंद्रकाचे तिथले किरण त्याच्या स्वतःच्याच पडद्याने अडवले असल्यामुळे इथे त्या झाकणाने फारसे काही बिघडत नाही.

अडचण फोटॉनांच्या संख्येची आहे. रेषा ४५ इलेक्ट्रॉनव्होल्टइतकी दुर्बळ, केंद्रकाचे तेज आस्काच्या वेळेइतके, आणि ६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी उपकरणाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटीमीटर धरले, तर माझ्या ढोबळ हिशेबाने एक लाख सेकंदांत रेषेचे पन्नास-साठ फोटॉन हाती लागतात. ते ३० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या रुंदीत आले तर टेकडी दिसेल. १२० च्या रुंदीत पसरले तर खालच्या अखंड वर्णपटाच्या फोटॉनांतून त्यांना वेगळे काढणे जिकिरीचे होईल. तीन लाख सेकंद मिळाले तर दोन्ही शक्यतांमध्ये निवड करता यावी, परंतु पृथ्वीलगतच्या कक्षेत निम्मा वेळ पृथ्वीच आड येत असल्यामुळे तीन लाख सेकंदांसाठी उपग्रहाचा जवळजवळ सबंध आठवडा मागावा लागेल.